घराण्यातली अर्धशिशी

हॅरो, २१ सप्टेंबर २००३

वैजू,

आशीर्वाद. मुद्दाम पत्र लिहितो आहे. फोनवर तू माझ्याशी पेशंटशी बोलावं तसं बोलायला लागतेस, मग मी आणखी चढतो, आणि अलका आतून म्हणते की शेजारी ऐकतात. कागदावर माझं बोलणं कोणी मध्येच तोडू शकत नाही.

चिरंजीव तुझ्याकडे पोचले हे कळलं. दोन बॅगा घेऊन गेले आहेत, त्यांतल्या एकीत मी स्वतः मावलो असतो. परवापर्यंत हा मुलगा युनिव्हर्सिटीत अकाउंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसणार होता. आता म्हणे व्यावसायिक खेळाडू. तेही क्रिकेट असतं तर निदान चार लोकांत सांगता आलं असतं. हा खेळणार बर्फावरची हॉकी. आपल्या घराण्यात गोळेवाल्याच्या गाडीपलीकडे बर्फाशी कोणाचा संबंध आला नव्हता. आठव्या वाढदिवसाला मीच त्याला बर्फाच्या रिंकवर नेलं होतं, वर्गातली बाकीची मुलं जातात म्हणून. हौस माझीच, आता भोगतो आहे.

तुझं घर त्या क्लबापासून ट्रेनच्या अंतरावर नसतं तर तो गेला नसता, हे तुला कळतं ना? एकोणीस वर्षांच्या मुलाला आत्याच्या हातची आमटी आणि वर मोकळीक, असं दोन्ही मिळाल्यावर तो कशाला परत येतो. तेव्हा एक कर. त्याला जेवायला घाल, पण फार कौतुकानं घालू नकोस. तिथली थंडी तुझ्या मदतीला आहेच. युनिव्हर्सिटीनं वर्षभर जागा राखली आहे. नाताळपर्यंत कंटाळून परत यावा असं बघ.

 अलका रोज त्याच्या खोलीतल्या पलंगावरची चादर काढते, झटकते आणि पुन्हा तीच घालते.

दादा


एडिनबरा, ९ नोव्हेंबर २००३

दादा,

नमस्कार. इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण राग उतरायची वाट बघत होते. पुरता उतरलेला नाही, पण लिहिण्याइतपत झालं आहे.

काल मी कबीरची मॅच बघितली. रिंक म्हणजे पत्र्याचं मोठं गोडाऊन, फोर्थच्या खाडीवरचा पूल ओलांडून जावं लागतं. आत थंडी पायाखालून येते. म्हाताऱ्या बायका मांडीवर ब्लँकेट आणि हातात थर्मास घेऊन बसतात आणि पंचाला अशा शिव्या देतात की आमच्या ऑपरेशन थिएटरमधले सर्जनसुद्धा लाजतील. मला खेळ कळत नव्हता, शेजारच्या आजींनी शिकवला. एका वेळी पाच जण आणि एक गोलकीपर. कबीर विंगर, म्हणजे कडेनं पळणारा. डावी कड त्याची. मिनिटभरात दमून बाहेर येतात आणि दुसरी तुकडी आत जाते.

दादा, तो फार सुंदर पळतो. तू कॉलेजात खो-खो खेळायचास तेव्हा वळताना तुझा डावा खांदा आधी पडायचा आणि मग पाठलाग करणाऱ्याला तू सापडायचास नाहीस. अगदी तसंच. त्याला हे कोणी शिकवलं असेल? मला तिथे रडू आलं. आजींनी पेपर नॅपकिन दिला.

पण खरं सांगायचं तर तो बराच वेळ बाकावर बसून असतो. क्लबनं कॅनडाहून माणसं आणली आहेत, गोल करायचं काम त्यांचं. इथल्या मुलांच्या वाट्याला उरलीसुरली मिनिटं. त्यानं कोचला विचारलं की मला जास्त कधी खेळायला मिळेल. कोच म्हणाला, तुझे खांदे रुंद आहेत, ते वापरायला शीक. याचा अर्थ मला नीट कळला नाही.

नाताळपर्यंत कंटाळावा असं मी काही बघणार नाही. आमटी मनापासून वाढते आहे.

वैजू


हॅरो, ८ फेब्रुवारी २००४

वैजू,

तुझ्यावर रागावायचा हक्क मी तूर्त राखून ठेवतो.

गेल्या शनिवारी त्यांचा संघ इकडे खेळायला आला. अलका जाऊ या म्हणाली, म्हणून गेलो. पहिला अर्धा तास मी घड्याळ बघत होतो. मग समोरच्या संघातल्या एका धटिंगणानं आपल्या गोलकीपरला ढकललं, आणि कबीर सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. दोघांनी हातमोजे खाली टाकले आणि ठोसे सुरू. पंच बाजूला शांत उभे. अलकानं डोळे मिटून घेतले. मी तिला म्हटलं, हे खेळातच आहे, पंचसुद्धा थांबवत नाहीत बघ. आणि आपल्या पोरानं त्याला खाली घातला. सहा फुटी गोरा माणूस, आडवा. कबीरच्या संघाबरोबर आलेले सगळे लोक उभे राहून आपलं आडनाव ओरडत होते. चुकीचं ओरडत होते, पण ओरडत होते.

मी इथे आलो तेव्हाचे दिवस तू पाहिले नाहीस. स्टेशनवरून घरी येताना टक्कल केलेली गोरी पोरं दिसली की मी रस्ता ओलांडायचो. एकदा गाठलंच त्यांनी. माझा जेवणाचा डबा उघडून गटारात ओतला आणि मी सॉरी म्हणालो. डबा माझा, आणि सॉरी मी म्हणालो. हे अलकालासुद्धा सांगितलेलं नाही. शनिवारी तिथे उभा असताना वाटलं, आता ते सगळं फिटलं.

इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू हॉल उशिरा मिळाल्यामुळे काल झालं. मी त्याच्या संघाचा तक्ता आमच्या कौन्सिलच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर रंगीत छापून नेला होता. शेवटच्या रकान्यात कबीरचा आकडा सगळ्या संघात मोठा आहे. कशाचा रकाना ते मला कळलं नाही, पण मिनिटांचा दिसतो. एजवेअरचे आपले डॉक्टर उदय राजवाडे म्हणाले, मग हा तर स्टार आहे. आणि तू लिहितेस बराच वेळ बाकावर असतो.

त्या युनिव्हर्सिटीचं बघू पुढे.

दादा


एडिनबरा, २१ मार्च २००४

दादा,

नमस्कार. तो रकाना शिक्षेच्या मिनिटांचा आहे. मारामारी केली की पंच खेळाडूला काचेच्या खोक्यात नेऊन बसवतात. तिथे तो जितका वेळ बसला त्याची ती बेरीज. उदयरावांना सांगू नकोस, त्यांचा स्टार तसाच राहू दे. मी आणि कबीर पोट धरून हसलो.

डब्याचं वाचून मात्र पत्र खाली ठेवलं. मला हे कधीच सांगितलं नव्हतंस. फक्त ते कबीरनं फेडायचं आहे का, एवढं मनात आलं, ते लिहिते.

सीझन संपला. शेवटच्या मॅचनंतर तीन दिवस तो खोलीत पडदे ओढून पडून होता. अलकाचा फोन आला तेव्हा मी झोपलाय म्हटलं, तिला काळजी वाटली असेल. काही नाही, डोकं दुखत होतं. अर्धशिशी आहे. आईला यायची ना, उजेड नको, आवाज नको, घोटभर दूधसुद्धा पोटात ठरत नाही, तशीच. आपल्या घराण्याचीच आहे, त्यानं उचलली. आता बरा आहे. काल माझ्याबरोबर बागेत चालायला आला होता. अलकाला एवढंच सांग.

वैजू


हॅरो, १७ ऑक्टोबर २००४

वैजू,

आशीर्वाद. कबीरची अर्धशिशी गेल्या आठवड्यात पुन्हा उठली असं त्याच्याच तोंडून कळलं. काळजी करू नकोस म्हणाला, आत्याला माहीत आहे. आईची चाळिशीनंतर आपोआप थांबली होती, याचीही थांबेल. तोपर्यंत रोज सकाळी नाकात साजूक तुपाचे दोन थेंब, आई तेच करायची. अलकानं लोणी कढवून डबा पाठवला आहे. ती मात्र विचारत होती की याच्या आजीला काही मॅचच्या दुसऱ्या दिवशी यायची नाही. बायकांचं एकेक.

गणपतीत मंडळानं त्याचा सत्कार केला. सीझन सुरू झाल्यामुळे तो येऊ शकला नाही, शाल आणि नारळ मी घेतला. भाषणही मीच केलं. आता मला खेळातलं बरंच कळतं. फोनवर त्याला सांगतो, समोरच्याचा शर्ट आधी पकडायचा, डोक्यावरून ओढायचा, मग उजवा हात मोकळा राहतो. तो हसतो. वैजू, हा मुलगा पंधराव्या वर्षापासून माझ्याशी हो-नाहीच्या पुढे बोलत नव्हता. आता मॅच संपली की आधी मला फोन करतो.

दादा


एडिनबरा, ४ डिसेंबर २००५

दादा,

नमस्कार. वर्षभर आपण फोनवर नुसतं हवापाणी बोललो. आज लिहिते आहे, कारण फोनवर तू मला हसण्यावारी नेशील.

कबीर आता माझ्याकडे राहत नाही, हे तुला माहीत आहे. रिंकजवळ संघातल्या मित्राबरोबर फ्लॅट घेतला आहे. रविवारी जेवायला येतो. पूर्वी जेवता जेवता आख्खी मॅच सांगायचा, मिठाची वाटी गोल आणि लिंबाची फोड तो स्वतः. आता ताटाकडे बघत जेवतो. मी दिवाणखान्यातला मोठा दिवा लावत नाही.

तो पळत नाही रे आता. मॅच हातातून जायला लागली की कोच त्याला आत पाठवतो, समोरच्या कोणाला तरी धोपटायला. लोक त्यासाठीच तिकीट काढतात. मग काचेचं खोकं, मग बाक. कडेनं वाऱ्यासारखा जाणारा तो विंगर मला शोधून सापडत नाही. यंदा गोल किती केले विचारलं तर उठून भांडी घासायला लागला.

माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल, कारण तुझ्या शाबासकीवर त्याचं सगळं चाललं आहे. त्याला एवढं सांग की मारामारी बंद, त्यावाचून खेळायला मिळालं नाही तर घरी ये. युनिव्हर्सिटी अजून घेईल. मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही.

वैजू


हॅरो, १९ फेब्रुवारी २००६

वैजू,

आशीर्वाद. डिसेंबरच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं ते बरंच झालं. तू लिहिलं होतंस की तो पळत नाही. आता ऐक. ब्रिटनच्या संघाच्या निवड शिबिराचं त्याला बोलावणं आलं आहे. न पळणाऱ्याला बोलावतात का? छातीवर ब्रिटन आणि पाठीवर आपलं आडनाव. मी अजून मंडळात कोणाला सांगितलेलं नाही, यावरून समज केवढी गोष्ट आहे.

अडचण एकच. क्लबच्या फिजिओनं त्याच्या कागदावर वारंवार डोकेदुखी असं लिहून ठेवलं आहे, म्हणून शिबिरवाले डॉक्टरचं पत्र मागतात. मी कबीरला म्हटलं, घरचीच डॉक्टर आहे, आत्या दोन ओळी लिहील. तर म्हणतो, आत्याला नको विचारू. त्याला तुझा संकोच वाटतो. मला वाटत नाही. अर्धशिशी आहे, आजीपासून आलेली आहे, खेळायला हरकत नाही, एवढंच. लेटरहेडवर. महिन्याभरात पाठव.

दादा


एडिनबरा, २४ फेब्रुवारी २००६

दादा,

नाही.

नात्यातल्या माणसाला डॉक्टरनं असं पत्र द्यायचं नसतं, ते आपल्याकडे चालतं, इथे चालत नाही. आणि चाललं असतं तरी दिलं नसतं. त्याला शिबिराला पाठवू नकोस. एक वर्ष खेळ पूर्ण बंद ठेवू दे. कारण विचारू नकोस. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, हे मागते आहे.

वैजू


हॅरो, २६ मार्च २००६

डॉ. वैजयंतीबाई,

आपल्या नियमांना धक्का न लावता काम झालं आहे.

गेल्या रविवारी उदयराव घरी आले होते. कबीर दोन दिवसांसाठी आला होता. त्यांनी त्याची नाडी बघितली, डोळ्यांत टॉर्च मारला, एका पायावर उभं केलं. घरात कोणाला डोकेदुखी आहे का विचारलं. मी म्हटलं, आमच्या आईला होती, आणि माझी बहीण स्वतः मोठी डॉक्टर आहे, याच्या अर्धशिशीचं निदान तिनंच केलेलं आहे. त्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. अलकाच्या हातचा चहा घेतला आणि पत्र लिहून दिलं. परक्या माणसाला जे जमलं ते सख्ख्या आत्याला जमलं नाही.

खरं काय आहे ते मला कळतं. तुला मूलबाळ नाही, तो चार दिवस तुझ्याकडे राहिला आणि तुला तो आपला वाटायला लागला. तो तुझ्या आमटीपुरता लहान राहावा असं तुला वाटतं. माझ्या मुलाचं मोठं होणं तुला बघवत नाही, हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहितो.

तू हे वाचशील तेव्हा तो शिबिरात पोचलेला असेल.

शशिकांत


हॅरो, १४ मे २००६

वैजू,

त्याला काल घरी आणलं. डाव्या हातात पेला धरतो, फार वेळ धरता येत नाही. जिना उतरताना मी पुढे आणि अलका मागे असते. अर्धं डोकं भादरलेलं आहे आणि त्यावर शिवण. खिडकीला मी काळा कागद लावला.

मारामारी नव्हती. शिबिराच्या आठव्या दिवशी सरावात एका मुलानं कडेच्या फळीवर त्याला धक्का दिला, नेहमी देतात तसा. तो मुलगा हॉस्पिटलात माझ्या शेजारी बसून रडत होता. डोक्यात रक्त साकळलं होतं, ते काढलं. सर्जन म्हणाला, एवढ्या धक्क्यानं एवढं व्हायला नको होतं, याआधी किती वेळा झालं आहे? मी म्हणालो एकदाही नाही, त्याला अर्धशिशी आहे, आमच्या घराण्यातच आहे. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. मग फ्लॅटमधला मित्र आला. त्यानं सांगितलं, तीनदा बर्फावर बेशुद्ध पडला होता. पहिल्यांदा मार्च २००४ मध्ये. म्हणजे पडदे ओढून पडला होता तेव्हा. तुझ्या घरात.

भूल द्यायचा तुझा धंदाच आहे. मलाही दिलीस.

मी उदयरावांना जे सांगितलं ते वाक्य तुझं होतं. ते तुझं नाव ऐकून थांबले. बिचारे रोज येतात आणि दारातच उभे राहतात. मी हवं ते ऐकलं असतं वैजू. मी बढाईखोर आहे, मूर्ख आहे, पण मी त्याचा बाप आहे. तू एक ओळ लिहायची होतीस. माझं मार्चचं पत्र तुला मिळालं तेव्हा शिबिर नुकतंच सुरू झालं होतं. फोन का केला नाहीस?

दादा


एडिनबरा, २८ मे २००६

दादा,

फोन केला होता. कबीरला. त्याला म्हटलं, आजच्या आज निघून ये, नाहीतर मी दादाला सगळं सांगते. तो म्हणाला, "आत्या, तू प्रॉमिस केला होता." मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तुला लावला नाही. त्याचं काय करायचं ते मी माझ्यापाशी बघेन, तुझ्या परवानगीची मला गरज नाही.

पण प्रॉमिस कशाचं ते तू ऐक. पहिल्या खेपेला तो माझ्या न्हाणीघरात जमिनीवर बसला होता, उलट्या होत होत्या. मी तुला फोन लावायला उठले तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "बाबाला सांगू नको. तो फर्स्ट टाइम माझ्यावर खूश आहे." तुला अर्धशिशी हवी होती दादा. मी ती लिहिली आणि तू तिच्यावर तूप पाठवलंस. एकदाही विचारलं नाहीस की दर वेळी मॅचनंतरच का. अलकानं विचारलं, तर ते तू मला विनोद म्हणून लिहून पाठवलंस.

तो पळत नाही म्हणून मी लिहिलं, त्याचा खेळ बंद कर म्हणून लिहिलं. त्यावर मला मूलबाळ नाही हे तू शोधून काढलंस. शर्ट डोक्यावरून कसा ओढायचा हे त्याला फोनवर कोण शिकवत होतं? तुझा डबा गटारात गेला त्याचं उट्टं काढायला तू स्वतःच्या मुलाला पाठवलंस, आणि मी त्याच्या जखमा पुसून त्याला पुन्हा पुन्हा धाडत राहिले. तुला सगळा दोष मला देऊन झोप येत असेल तर दे. मला येत नाही.

मला त्याला बघायला यायचं आहे. ये म्हण.

वैजू


हॅरो, ११ फेब्रुवारी २००७

अहो, आणि वन्सं,

हे पत्र दोघांना आहे. एक प्रत यांच्या ताटाशेजारी ठेवते आहे, एक एडिनबराला पोस्टात टाकते आहे. एकमेकांना पत्रं लिहायची तुम्हा भावंडांची जुनी सवय. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

नऊ महिने तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. वन्संनी ये म्हण असं लिहिलं, यांनी ते पत्र घडी करून देवघरात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. कोणी कोणाला सांगायला हवं होतं यावर तुमचं भांडण आहे. मला कोणी विचारलं नाही. मला माहीत होतं. पहिल्या वर्षीच त्यानं मला सांगितलं होतं, आई, डोकं आपटला, पण आत्या बघते आहे. मी गप्प बसले. म्हटलं घरात डॉक्टर आहे, तिच्या डोळ्यांसमोर आहे, आपण बारावी पास बाईनं काय सांगायचं. उदयरावांना यांनी अर्धशिशी सांगितली तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी साखर किती विचारलं.

हे मी रडायला लिहीत नाही. पुढचं वाचा.

दर गुरुवारी संध्याकाळी तो हाताच्या फिजिओला जातो, असं आपल्याला सांगून जायचा. डिसेंबरपासून परत आला की दोन माणसांचं जेवायचा. ती भूक माझ्या ओळखीची आहे, शाळेत असताना सराव करून आला की अशीच असायची. मागच्या गुरुवारी मी त्याच्या मागच्या बसनं गेले. काचेच्या बाहेर उभी राहिले. कुठल्यातरी खालच्या लीगचा संघ होता, आणि आपला मुलगा नवीन हेल्मेट घालून डाव्या कडेनं पळत होता. वन्सं, तुम्ही त्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं तसाच. खांदा पाडून. मला ते बघून आनंद झाला, हे सुद्धा लिहिते. मग एकानं त्याला फळीवर ढकललं आणि तो हसत उठला.

त्यानं मला पाहिलं. येताना बसमध्ये शेजारी बसला. म्हणाला, "आई, बाबाला सांगू नको. आत्याला पण नको. एकच सीझन." या मुलानं आजवर आपल्या तिघांकडून हेच मागून घेतलं, आणि आपण तिघांनीही दिलं.

मी हो म्हटलं नाही. शुक्रवारी सर्जनचा कागद पर्समध्ये घालून एकटी त्या रिंकवर गेले. कोचच्या टेबलावर ठेवला. माझं इंग्लिश तुम्हाला माहीत आहे, पण ऑपरेशन, ब्रेन आणि माय सन एवढं बोलता येतं. त्या माणसानं कागद दोनदा वाचला. त्यानं कबीरला फोन करून यायचं नाही म्हणून सांगितलं.

काल मी मंडईतून आले तेव्हा तो घरात नव्हता, त्याची मोठी बॅगही नव्हती. कपडे थोडेच नेले आहेत. बूट, हेल्मेट, काठी सगळं नेलं. फोन बंद आहे. चिठ्ठी नाही. मी त्याला दगा दिला असं त्याला वाटत असेल, तर वाटू दे. उद्या पुन्हा प्रसंग आला तरी मी तेच करीन.

आता तुम्ही दोघं माझं ऐका. वन्सं, स्कॉटलंडपासून खाली तुम्ही रिंकवाल्यांना फोन करत या. हे इकडून वर करत जातील. मध्ये कुठे भेटलात तर भांडण नंतर करा. प्रत्येक ठिकाणी सांगा की या नावाचा विंगर आला तर त्याला खेळवू नका, त्याच्या डोक्याचं ऑपरेशन झालं आहे. तो स्वतः सांगणार नाही, आणि आता बघून कोणाला कळणारही नाही. केस पुरते वाढले आहेत.

अलका